खाली दुकान, वर संसार

मुंबईला खरेदीला गेलात की मान वर करून इमारतींकडे कधी बघता का हो? नाही ना! आपले सगळे लक्ष काचेत मांडलेल्या साड्यांकडे. बरोबर मुले असली तर विचारायलाच नको. पण पुढच्या खेपेला फोर्टात गेलात तर पाचच मिनिटे काढा आणि दुकानाच्या पाटीच्या वर काय आहे ते पाहा. दुकाने येतात नि जातात, इमारत तीच राहते. मात्र ती किती टिकते, हे तिच्यात राहणाऱ्यांवर अवलंबून असते. दोनच उदाहरणे सांगते.

विलायती दुकानात खादी

दादाभाई नवरोजी रोडवरच्या मेट्रोपॉलिटन हाउसमध्ये इंग्रजांच्या काळी व्हाइटअवे लेडलॉ कंपनीचे भले मोठे दुकान होते. साहेब आणि मडमा तिथे विलायती कपडे घ्यायला येत. इंग्रज गेले, तसे गिऱ्हाईकही गेले. मग १९५४ साली तिथे काय आले असेल? खादी भांडार! विलायती कापडाच्या जागी हातमागाची खादी! काळाने उगवलेला सूडच म्हणायचा. पण गंमत बाजूला ठेवू. दुकानाच्या जागी दुकानच आले, त्यामुळे मोठ्या दालनाच्या खुराड्या करायची वेळ आली नाही. जुन्या वास्तूला नवा धंदा मानवतो तो असा.

एका हॉटेलची कहाणी

आता दुसरी इमारत, काळा घोडा भागातली. १८६० नंतरच्या दहा वर्षांत वॉटसन नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याने ती बांधली. तिचा लोखंडी सांगाडा इंग्लंडात ओतून, बोटीने आणून इथे जोडला होता. वॉटसन्स हॉटेलचा थाट काय सांगावा! प्रवेश फक्त गोऱ्यांना. १८९६ च्या जानेवारीत प्रसिद्ध अमेरिकन लेखक मार्क ट्वेन इथे उतरले होते. त्याच वर्षी ७ जुलैला ल्यूमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा हिंदुस्थानातला पहिला खेळ इथेच झाला, तिकीट एक रुपया! आपण हौसेने बघतो त्या सिनेमाचा पाळणा इथे हलला.

१९०३ साली ताजमहाल हॉटेल उघडले आणि वॉटसनचे दिवस फिरले. पुढे हॉटेल बंद झाले, नाव एस्प्लनेड मॅन्शन झाले आणि मोठमोठ्या खोल्यांत आडोसे घालून लहान लहान गाळे पाडले गेले. कोर्ट जवळ, म्हणून वकिलांची ऑफिसे आली. कुणी दुकान थाटले, कुणी बिऱ्हाड केले. माणसे वाढली, पण सगळ्या इमारतीकडे बघणारे कुणी उरले नाही. २००५ साली सज्जाचा भाग कोसळून एक जीव गेला. २०१९ साली हायकोर्टाच्या आदेशाने ती रिकामी करावी लागली.

चूक कुणाची?

मालकाला विचारा, तो म्हणेल, "भाडे किती मिळते?" त्यातही तथ्य आहे. १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० सालच्या दरावर बांधली. भाडेकरूला आधार मिळाला, हे मोठेच काम झाले. पण दुरुस्तीचा खर्च वाढत गेला आणि भाडे तिथेच राहिले. १९९९ च्या नव्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली, तोवर कितीतरी इमारती खिळखिळ्या झाल्या होत्या. आणि भाडेकरूला विचाराल, तर तो म्हणणार, "इमारत माझी थोडीच आहे?" दोघांच्या भांडणात छप्पर गळतच राहते.

तुमच्या वाड्याचे काय?

तुम्ही म्हणाल, मुंबईच्या गोष्टी आम्हाला कशाला? अहो, तुमच्या गावातही बाजारपेठेतल्या जुन्या घरांत हेच चालले आहे. खाली पूर्वी ओसरी होती, तिथे आता मोबाइलचे दुकान. वर तुम्ही राहता. तेव्हा चार गोष्टी लक्षात ठेवा.

दुकानाला रुंद शटर बसवण्यासाठी खालची भिंत किंवा खांब काढू लागले, तर लगेच विचारा. जुन्या घराचे ओझे त्यांच्यावरच असते. नगरपालिकेची परवानगी आणि इंजिनिअरचा सल्ला घेतला आहे का, ते पाहा. संकोच करू नका.

पोटमाळ्यावर दुकानाचा माल रचू देऊ नका. तुळया घरातल्या माणसांसाठी घातल्या होत्या, गोदामासाठी नव्हे.

आपल्या न्हाणीचे पाणी भिंतीत मुरते का, ते पाहा. भिंतीत गेलेले तुळईचे टोक आधी कुजते आणि ते बाहेरून दिसत नाही.

भिंतीला तडा दिसला, तर त्याच्या टोकाशी पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा. महिन्याने तडा खुणेच्या पुढे गेलेला दिसला, किंवा रोजचे दार अचानक चौकटीत अडकू लागले, तर गिलावा लिंपून झाकू नका, जाणकाराला बोलवा. मुंबईत तीस वर्षांवरच्या इमारतींना अशी तपासणी कायद्यानेच सक्तीची आहे. आपण कायद्याची वाट कशाला बघायची?

घरात दिवसभर वावरतो आपण. तडा आधी दिसतो तो आपल्यालाच. तेव्हा "पुरुष मंडळी बघतील" असे म्हणून गप्प बसू नका. आज संध्याकाळी दिवा लावताना एकदा आढ्याकडे बघाच!