आरोग्य : हात मोडला तर सरकार, छाती दुखली तर खिसा



हा मजकूर न्यू लिनहून लिहीत आहे. ऑकलंडच्या पश्चिमेचे हे उपनगर. मुलगा इथे असतो, म्हणून गेल्या वर्षी आम्ही दोघे काही महिने राहायला आलो. जुलैत, म्हणजे इथल्या ऐन थंडीत, स्टेशनजवळच्या ओल्या फुटपाथवर मी घसरलो आणि डावे मनगट मोडले. दुखण्यापेक्षा बिलाचीच धास्ती जास्त होती. पण दवाखान्यात एक फॉर्म भरून घेतला, एक्स-रे झाला, प्लास्टर झाले आणि खिशातून थोडेच डॉलर गेले.

पंधरा दिवसांनी सौ.च्या छातीत दुखू लागले. एक रात्र दाखल करावे लागले. हार्ट अटॅक नव्हता, देवाची कृपा. बिल मात्र पूर्ण आमच्या नावावर आले. येताना काढलेल्या विम्याच्या कंपनीने "ब्लडप्रेशर जुने आहे" एवढे सांगून हात वर केले.

एकाच घरात दोन न्याय का, हे समजून घेताना इथल्या राजकारणात शिरावे लागले. मनगटाचा खर्च एसीसी या सरकारी अपघात विम्याने दिला. चूक कोणाची हे तो विचारत नाही. गंमत अशी की हा कायदा १९७२ मध्ये नॅशनल पक्षाने, म्हणजे इथल्या उजव्यांनी केला. पुढच्या वर्षी लेबर सरकारने त्यात गृहिणी आणि पाहुणेही घेतले व १ एप्रिल १९७४ पासून तो लागू झाला. पण आजारपण त्याच्या बाहेरच राहिले. आजारी पाहुण्याने आपले आपण पाहायचे.

नॅशनल पक्षाचे याबाबत कधीच एकमत नव्हते. १९३८ मध्ये लेबरने मोफत इस्पितळांचा कायदा आणला तेव्हा सिडनी हॉलंड यांनी त्याला वेडेपणा म्हटले होते. तेच १९४९ मध्ये पंतप्रधान झाले आणि ती व्यवस्था त्यांनी चालू ठेवली! १९९१ मध्ये त्याच पक्षाचे आरोग्यमंत्री सायमन अप्टन यांनी ठरवले की इस्पितळांनी धंद्यासारखे चालावे, आणि ज्याला हवे त्याने सरकारी पैशातला आपला वाटा घेऊन खासगी योजनेत जावे. फेब्रुवारी १९९२ पासून इस्पितळात राहण्याचे रात्रीला ५० डॉलर लागू लागले. लोक इतके चिडले की १९९३ मध्ये ती आकारणी मागे घ्यावी लागली. खासगी योजनांचा बेतही बारगळला.

विन्स्टन पीटर्स हे नॅशनलचेच मंत्री. सरकारवर उघड टीका केली म्हणून १९९१ मध्ये त्यांना काढले. त्यांनी वेगळा पक्ष काढला आणि १९९६ मध्ये नॅशनलशीच युती करताना सहा वर्षांखालील मुलांना डॉक्टर मोफत, ही अट घातली. उलट १९९९ मध्ये नॅशनलने नोकरीतल्या अपघातांचा विमा खासगी कंपन्यांना खुला केला. लेबरने तो वर्षभरात परत एसीसीकडे आणला. मला विचाराल तर स्पर्धेने काही गोष्टी सुधारतात हे खरे, पण सत्तरीच्या बीपीवाल्यासाठी कोणती कंपनी स्पर्धा करणार?

हा प्रश्न आता आमच्या दारात आला आहे. सप्टेंबर २०२५ पासून नॅशनलच्याच सरकारने आईवडिलांसाठी 'पेरेंट बूस्ट' व्हिसा सुरू केला. मुलाजवळ पाच वर्षे राहता येते. पण सरकारी उपचार मिळत नाहीत. खासगी आरोग्य विमा सक्तीचा, आणि तो सगळा काळ चालू ठेवायचा. इस्रायलमध्ये १९९५ पासून लागू असलेल्या कायद्याने प्रत्येक रहिवासी कुठल्या ना कुठल्या कुपात होलिममध्ये असतो. भारतात सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान कार्डावर पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. पण ते कार्ड इथे चालत नाही.

तुमची मुले बोलावत असतील तर विमा काढताना बीपी, शुगर, जुने ऑपरेशन, काही लपवू नका. जुन्या आजारासाठी काय मिळेल ते कंपनीकडून लेखी घ्या. गोळ्यांची इंग्रजी यादी आणि जुना ईसीजी हातातल्या बॅगेत ठेवा.

मुलाने दोन कंपन्यांकडे चौकशी केली आहे. माझा विमा होईल. सौ.च्या हृदयाचा खर्च द्यायला एक तयार नाही, दुसरी अजून कागद मागते आहे. तोवर आम्ही परतीचे तिकीट रद्द केलेले नाही.