हिवाळा आणि घरातील तान्हे मूल

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेस, उमरखेड तालुक्यात ढाणकी आहे. सभोवती कपाशीची काळी जमीन आणि पलीकडे पैनगंगेच्या खोऱ्यातील सागवानाचे जंगल, असा हा परिसर. येथील उन्हाळ्याची प्रखरता सर्वांच्या परिचयाची आहे. त्यामुळे थंडीचा विचार सहसा तितक्या गांभीर्याने होत नाही. वस्तुतः समुद्रापासून दूर असलेल्या विदर्भात हिवाळ्यातील निरभ्र आकाशामुळे रात्री जमीन झपाट्याने निवते. उत्तरेकडील वारे वाहू लागले की दुपारी अंगातील स्वेटर नकोसा होतो आणि पहाटे हातपाय आखडतात. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूर येथे पारा ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता.

मोठ्या माणसांसाठी हे दिवस शेकोटीचे आणि हुरड्याचे असतात. ज्या घरात पाळणा हलतो आहे, त्या घरासाठी मात्र हेच दिवस विशेष दक्षतेचे होत.

मूल गार का पडते?

नवजात अर्भकाच्या वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठ्या माणसाहून बरेच अधिक असते. साहजिकच त्याच्या शरीरातील उष्णता लवकर बाहेर जाते. थंडी वाजली की मोठा माणूस कुडकुडतो आणि त्यातून उष्णता निर्माण होते. अर्भकाला असे कुडकुडता येत नाही. खांदे, मान व पाठ या भागांतील विशिष्ट प्रकारची चरबी जाळून ते शरीर उबदार ठेवते. अपुऱ्या दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या मुलाजवळ ही शिदोरीही तुटपुंजी असते.

अर्भकाचे तापमान ३६.५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की ते गारठले, असे वैद्यकशास्त्र मानते. मोठे मूल थंडी वाजताच तक्रार करते. गारठलेले अर्भक मात्र उलट शांत होते. ते मंद पडते, अंगावर ओढण्याची त्याची शक्ती कमी होते, आणि दूध पोटात न गेल्याने ते आणखी गार पडते. घरातील मंडळींना वाटते की मूल गाढ झोपले आहे. खरा धोका येथेच असतो.

हे ओळखण्याची एक सोपी रीत आहे. हाताच्या मागील बाजूने मुलाचे पोट आणि तळपाय चाचपून पाहावेत. दोन्ही उबदार असतील तर काळजीचे कारण नाही. पोट उबदार पण तळपाय गार असतील, तर मुलाला थंडी बाधू लागली आहे असे समजावे. दोन्ही गार लागल्यास मुलाला आईच्या उघड्या छातीशी धरून विनाविलंब आरोग्य केंद्रात न्यावे.

जुन्या रीतींतील ग्राह्य आणि अग्राह्य

आपल्या घरांतील बाळंतपणाच्या रीती अनुभवातून आलेल्या आहेत आणि त्यांतील पुष्कळशा शास्त्राच्या कसोटीवर उतरतात. कुंची आणि टोपडे हे त्याचे उत्तम उदाहरण. अर्भकाचे डोके शरीराच्या मानाने मोठे असल्याने ते झाकणे फार महत्त्वाचे. बाळंतिणीची खोली वाऱ्यापासून आडोशाची असावी, जुन्या सुती लुगड्यांच्या मऊ दुपट्यांत मूल गुंडाळावे, या प्रथाही योग्यच होत.

काही प्रथा मात्र सोडून देणे हिताचे आहे. जन्मताच मुलाला न्हाऊ घालणे ही त्यांपैकी पहिली. ओल्या अंगावरील पाणी सुकताना उष्णता घेऊन जाते. म्हणून जन्मल्याबरोबर मूल कोरडे करावे आणि पहिली आंघोळ निदान २४ तास लांबणीवर टाकावी. कमी वजनाच्या मुलाच्या बाबतीत आरोग्य कर्मचाऱ्याचा सल्ला घेऊनच ती घालावी. पहिला चीक टाकून देऊ नये. जन्मानंतर एका तासाच्या आत मूल अंगावर घ्यावे आणि सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही देऊ नये.

बाजेखाली ठेवलेली निखाऱ्यांची शेगडी आणि ओवा-शेपांची धुरी यांविषयी अधिक स्पष्ट बोलावयास हवे. दारे-खिडक्या बंद केलेल्या खोलीत कोळसा जळत राहिला तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचतो. त्याला रंग नाही आणि वासही नाही; त्यामुळे झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. धुराने तान्ह्या मुलाच्या श्वसनमार्गाचा दाह होतो, तो वेगळाच. २०१६ पासून उज्ज्वला योजनेमुळे अनेक घरांत गॅस आला. तथापि आंघोळीचे पाणी अद्याप चुलीवरच तापते. ती चूल मूल निजते त्या खोलीत नसावी, एवढे तरी पाहावे. तसेच मुलाच्या अंगाला ब्रँडी चोळणे, नाकाशी कापूर धरणे किंवा जड वाकळ तोंडावरून ओढणे हेही टाळले पाहिजे.

आईची ऊब

मुलाला ऊब देण्याचे सर्वांत खात्रीचे साधन घरातच असते, आणि ते म्हणजे आईचे शरीर. १९७८ साली कोलंबिया देशातील बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांच्या रुग्णालयात ऊबपेट्या अपुऱ्या पडत होत्या. तेव्हा त्यांनी कमी वजनाची मुले आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवण्यास आरंभ केला. हीच आज ‘कांगारू पद्धत’ म्हणून ओळखली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने भारतासह पाच देशांत झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. एक ते १.८ किलो वजनाच्या मुलांना जन्मल्यापासूनच अशी ऊब दिल्यास मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने घटतात, असे त्यात आढळले. आई थकली असेल तेव्हा वडील किंवा आजीही मुलाला असेच छातीशी धरू शकतात. यासाठी पैसा लागत नाही. केवळ संकोच सोडावा लागतो.

विदर्भातच याहून मोठा धडा घालून दिला गेला आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत, गावातीलच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन नवजात मुलांची घरोघरी सेवा सुरू केली. तेथे दर हजार जन्मांमागे ६२ असलेले नवजात मृत्यूंचे प्रमाण १९९७-९८ पर्यंत सुमारे २५ वर आले. पुढे २०११ मध्ये ही पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर स्वीकारली गेली. रुग्णालयात प्रसूती झाल्यास ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी आशाताईंनी घरी येऊन मुलाचे तापमान व वजन पाहावे, अशी ही योजना आहे.

श्वास मोजावा

थोड्या मोठ्या मुलांना थंडीत न्यूमोनियाचा धोका असतो. साधी सर्दी आणि न्यूमोनिया यांतील फरक घड्याळ समोर ठेवून ओळखता येतो. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आतील मुलाचे ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास भरल्यास ते धोक्याचे लक्षण होय. श्वास घेताना छाती आत ओढली जाणे, ज्याला घरोघरी ‘पोट उडणे’ म्हणतात, तसेच दूध न पिणे किंवा सुस्ती येणे ही लक्षणे दिसल्यास रात्र उलटू देऊ नये. ढाणकीहून जिल्ह्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे. म्हणून जवळच्या आरोग्य केंद्रात वेळीच पोचणे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावणे याला येथे विशेष महत्त्व आहे. न्यूमोकोकल लस २०२१ पासून राज्यात मोफत मिळते. ती ६ आठवडे, १४ आठवडे व ९ महिने या वयात दिली जाते.

वेचणीचा हंगाम

हे सर्व ज्ञान आईपर्यंत पोचले तरी एक अडचण उरतेच. थंडीचे दिवस हेच कापूस वेचणीचे दिवस. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. म्हणून बाळंतीण लवकर शेताकडे वळते. मूल एकतर पहाटेच्या गारठ्यात तिच्यासोबत जाते आणि धुऱ्यावरील झाडाच्या झोळीत राहते, नाहीतर थोरल्या बहिणीच्या स्वाधीन होते. अशा वेळी आईला दोष देणे सोपे आहे. पण तिचा दिवस बुडाला तर चूल कशी पेटणार, हाही प्रश्न तितकाच खरा आहे.

येथे गावाने पुढे यावयास हवे. वेचणीच्या दिवसांत एखादी मुलगी शाळेत सतत गैरहजर दिसली, तर तिच्या घरी तान्हे मूल आहे काय, याची चौकशी शिक्षकांनी करावी. हजेरीपट आशाताईंच्या यादीशेजारी ठेवला तर ज्या घरांकडे प्रथम लक्ष द्यावयास हवे, ती घरे सहज कळतील. पंचायतीच्या सदस्यांनी दिवाळीपूर्वीच आपापल्या प्रभागातील गरोदर स्त्रियांची व सहा महिन्यांखालील मुलांची माहिती घ्यावी, आणि मातृवंदना योजनेचे अर्ज रखडले असल्यास त्यांचा पाठपुरावा करावा. अधिकाऱ्यांनी तांडे, पोड आणि जंगलालगतच्या वस्त्यांवरील भेटी थंडीत खंडित होणार नाहीत, हे पाहावे. दरवर्षी १२ नोव्हेंबर ते २८ फेब्रुवारी या काळात राबविली जाणारी ‘सांस’ मोहीम यासाठी उपयोगी पडेल.

थंडी दरवर्षी ठरल्या वेळी येते आणि वेचणीही तेव्हाच सुरू होते. दोन्हींची तारीख आधी ठाऊक असल्याने तयारीला अवधी मिळत नाही, असे कोणत्याच गावाला म्हणता येणार नाही. शेतकरी कपाशीच्या बोंडाला जपतो, तितक्याच दक्षतेने घरातील या कोवळ्या जीवाला जपणे हे घराचे काम आहे, आणि घराला ते शक्य व्हावे हे पाहणे गावाचे कर्तव्य आहे.