फोटो आपल्या बागेचा, माल भलत्याचाच!



पूर्वी रोपं विकायची म्हणजे बाजाराच्या दिवशी गाडीत घालून न्यायची, नाहीतर गिऱ्हाईक आपल्या बांधावर यायचं. झाड समोर, मालक समोर. फसवाफसवीला जागा थोडी. आता दिवस बदलले. डाळिंबाच्या बागेत उभं राहून तुम्ही मोबाइलवर फोटो काढता, व्हॉट्सअ‍ॅपवर, फेसबुकवर टाकता. चार गावांतले लोक बघतात, फोन येतात, गुटी कलमं विकली जातात. चांगलंच आहे ते.

पण समजा, एके दिवशी पाहुण्यांचा फोन येतो, "काय दाजी, ऑनलाइन रोपं विकायला लागलात म्हणे! आणि तीही निम्म्या भावात?" तुम्ही म्हणता, "नाही बुवा!" मग मुलाला मोबाइल उघडायला सांगता आणि बघता तर काय, तीच फांदी, तीच लालभडक फळं, मागे आपल्याच विहिरीचा कठडा. फोटो आपला आणि खाली विकणाऱ्याचं नाव तिसऱ्याचंच. आयत्या बिळावर नागोबा!

अशा वेळी काय करावं, ते आज समजून घेऊ.

नुकसान नेमकं कुणाचं?

"फोटोच तर नेला, झाड थोडंच नेलं," असं काहीजण म्हणतील. तसं नाही, मंडळी. झाडाच्या धंद्यात फोटोला फार मोल आहे, कारण रोप बघून जात ओळखता येत नाही. डाळिंबाचं लहान रोप 'भगवा'चं आहे की आणखी कशाचं, हे नुसत्या पानावरून कोण छातीठोक सांगेल? गिऱ्हाईक फळाचा फोटो बघतं आणि रोप घेतं. पहिला बहर धरून फळ हाती येईपर्यंत दोन-तीन वर्षं जातात. आंब्याच्या कलमाला त्याहून जास्त. फसगत कळते तोवर खड्डे, खत, ठिबक, मजुरी यांचा पैसा जमिनीत गेलेला असतो.

आणि नुसती जात चुकली एवढ्यावर भागत नाही. तेल्या रोग रोगट गुटीबरोबर नव्या बागेत येतो. तुमच्या फोटोतली बाग निरोगी असेल, पण विकलेली गुटी कुठल्या बागेतली, हे फोटो सांगत नाही. उद्या त्या शेतकऱ्याची बाग तेल्यानं बसली, तर तो फोटोतला कठडा ओळखून तुमच्याच दारात येईल. पैसा दुसऱ्यानं घेतला, नाव तुमचं गेलं. म्हणून हा प्रश्न फोटोचा नाही, तुमच्या शब्दाचा आहे.

फोटो कुणाचा? कायदा काय म्हणतो?

आपल्या देशात १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. मराठीत त्याला प्रताधिकार म्हणतात. या कायद्याप्रमाणे फोटो ज्यानं काढला, त्याचा त्यावर हक्क. त्यासाठी कुठंही नोंदणी करावीच लागते असं नाही. बटण दाबलं, फोटो निघाला, की हक्क तयार झाला. नोंदणी केली तर पुरावा म्हणून उपयोगी पडते, एवढंच. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला म्हणजे तो सगळ्या गावाचा झाला, हा समज चुकीचा आहे.

दोन-तीन गोष्टी मात्र नीट ध्यानात घ्या.

पहिली : तुम्ही पैसे देऊन फोटोग्राफर बोलावला असेल आणि उलट करार केला नसेल, तर फोटोचा हक्क तुमचा. पण पुतण्यानं किंवा मित्रानं सहज काढला असेल, तर हक्क त्याचा. त्याच्याकडून एका कागदावर लिहून घ्या की हा हक्क मी यांना देत आहे. खाली सही आणि तारीख घ्या.

दुसरी : फोटोवरचा हक्क म्हणजे जातीवरचा हक्क नव्हे. 'भगवा' तुमच्या एकट्याचा नाही. दुसऱ्यानं आपल्या बागेत 'भगवा' लावून स्वतः फोटो काढला, तर तुम्हाला त्याला अडवता येणार नाही. नव्या जातींच्या संरक्षणाचा कायदा वेगळा आहे, तो २००१ चा.

तिसरी : आधी आपलं अंगण झाडा. आपल्या रोपवाटिकेच्या फलकावरचा फोटो आपणच कुठून उचलून आणलेला नाही ना? विद्यापीठाच्या पत्रिकेतला किंवा मोबाइलवर सापडलेला फोटो छापून आपण रोपं विकत असू, तर दुसऱ्याकडे बोट दाखवता येणार नाही.

आधी पुरावा, मग तक्रार

फोटो दिसला की रागाच्या भरात लगेच त्या विक्रेत्याला फोन लावू नका. तो सावध होईल, जाहिरात काढील आणि चार दिवसांनी दुसऱ्या नावानं टाकील. आधी शांतपणे पुरावा जमवा.

१. जाहिरातीच्या पानाचे स्क्रीनशॉट घ्या. फोटो, विक्रेत्याचं नाव, भाव आणि तारीख दिसली पाहिजे.

२. त्या पानाची लिंक कॉपी करून लिहून ठेवा. लिंक नसेल तर कंपनीला तो फोटो शोधता येत नाही.

३. विक्रेत्याचं नाव-पत्ता शोधा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे अनेक विक्रेत्यांना जागा देणाऱ्या ऑनलाइन बाजारानं प्रत्येक विक्रेत्याचं नाव आणि पत्ता दाखवायचा असतो.

४. आपला मूळ फोटो सांभाळा. मोबाइलनं काढलेल्या मूळ फोटोत तारीख, वेळ आणि मोबाइलचा प्रकार यांची नोंद दडलेली असते. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीप्रमाणे पाठवलेल्या फोटोतून ती नोंद निघून जाते आणि फोटोही बारीक होतो. म्हणून मूळ फोटो पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवा. प्रकरण मिटेपर्यंत तो मोबाइल विकू नका.

५. त्याच दिवशी त्याच झाडाचे काढलेले इतर फोटो शोधा. ज्यानं उचलला त्याच्याकडे एकच फोटो असतो. तुमच्याकडे कळीचा, हिरव्या फळाचा, पिकल्या फळाचा, सगळ्या बागेचा असतो. एवढा चांगला साक्षीदार दुसरा मिळणार नाही.

आणखी कुठं कुठं तो फोटो फिरतो आहे, हे बघायचं असेल तर गूगल लेन्समध्ये आपला फोटो घाला. तसलेच फोटो कुठल्या पानांवर आहेत ते बरंचसं समजतं.

तक्रार कशी लिहावी?

तक्रार विक्रेत्याकडे नव्हे, तर ज्या कंपनीच्या पानावर जाहिरात आहे तिच्याकडे करा. मोठ्या कंपन्यांनी कॉपीराइटच्या तक्रारीसाठी फॉर्म ठेवलेले असतात. शिवाय २०२० च्या नियमांप्रमाणे ऑनलाइन विक्रीच्या कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्यानं ४८ तासांत तक्रार मिळाल्याची पोच द्यायची आणि एका महिन्यात निवारण करायचं, असा नियम आहे. मजकूर साधारण असा असावा :

"महोदय, आपल्या पानावर (लिंक खाली दिली आहे) डाळिंबाच्या रोपांच्या जाहिरातीत वापरलेला फोटो मी स्वतः दिनांक ... रोजी मौजे ... येथील माझ्या बागेत काढलेला आहे. तो वापरण्याची परवानगी मी या विक्रेत्यास दिलेली नाही. या फोटोतील बागेची रोपे सदर विक्रेता विकत नाही, त्यामुळे ग्राहकांची दिशाभूल होत आहे. मूळ फोटोची प्रत सोबत जोडली आहे. तरी हा फोटो तात्काळ काढून टाकावा व केलेली कारवाई लेखी कळवावी. वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे."

खाली नाव, पत्ता, फोन आणि तारीख. बस्स, एवढं पुरे. शिव्याशाप नकोत, लांबण नको. फॉर्म इंग्रजीत असेल तर गावातल्या शिकलेल्या मुला-मुलीची मदत घ्या, पण मजकूर वाचून घेतल्याशिवाय पाठवू नका. तक्रारीचा क्रमांक वहीत टिपून ठेवा.

एवढं करून ऐकलं नाही तर?

२०१३ च्या कॉपीराइट नियमांत आणखी एक वाट आहे. रीतसर लेखी तक्रार केली तर मधल्या कंपनीनं ३६ तासांत तो फोटो २१ दिवसांसाठी बंद करायचा. मात्र या तक्रारीत 'मी कोर्टात दावा लावीन' अशी हमी द्यावी लागते. २१ दिवसांत कोर्टाचा हुकूम आणला नाही, तर कंपनी तो फोटो पुन्हा खुला करू शकते. म्हणून या वाटेनं जाताना आधी वकिलाचा सल्ला घ्या.

कोर्टाचं नाव काढलं की मुंबई-दिल्लीच्या वाऱ्या डोळ्यांपुढे येतात. तसं घाबरायचं कारण नाही. तुम्ही राहता आणि धंदा करता, त्या भागातल्या जिल्हा न्यायालयात दावा लावण्याची सोय कायद्यात आहे. जाणूनबुजून, धंद्यासाठी असं करणं हा गुन्हाही आहे. त्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितलेला आहे. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि कमी उत्पन्नाच्या लोकांना तिथं वकिलाची मोफत मदत मिळते. त्यासाठी फोन क्रमांक १५१०० आहे. कोर्टात स्क्रीनशॉट दाखल करताना सोबत ठरलेलं प्रमाणपत्र जोडावं लागतं, तेही वकिलांकडून समजून घ्या.

विक्रेता महाराष्ट्रातला असेल तर तालुका कृषी अधिकाऱ्यांनाही कळवा. फळझाडांच्या रोपवाटिकेला १९६९ पासूनच्या कायद्याप्रमाणे परवाना लागतो. ऑनलाइन विकणाऱ्याजवळ तो आहे का, हे विचारण्याचं ते ठिकाण आहे.

फसलेलं गिऱ्हाईक दारी आलं तर

इथं खरी कसोटी आहे. एखादा शेतकरी चिडून येईल, "तुमचीच बाग बघून रोपं घेतली आणि ही बघा काय निघाली!" त्याला हाकलून लावू नका. पाणी द्या, बसवा, मूळ फोटो दाखवा. त्याच्या बिलावर नाव कुणाचं आहे ते दोघं मिळून बघा. पैसे आपण घेतलेले नाहीत, हे त्याला पटेल. मग त्याला वाट दाखवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ग्राहक आयोगात तक्रार त्याला स्वतःच्याच जिल्ह्यात करता येते. पैसे घेऊन रोपं पाठवलीच नसतील आणि विक्रेता गायब झाला असेल, तर सायबर गुन्ह्यांसाठी १९३० वर लगेच फोन करायचा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड.

त्याच्याकडून बिलाची आणि रोपाच्या फोटोची एक प्रत मागून घ्या. तुमच्या तक्रारीला तिचा जोर येईल. त्याचं नुकसान आणि तुमचं नुकसान एकाच माणसानं केलेलं आहे. तुम्ही दोघं भांडलात तर तो तिसरा हसत राहील.

आपल्या नेहमीच्या गिऱ्हाइकांनाही सांगा, पण जपून. "हा फोटो आमच्या बागेतला आहे. या विक्रेत्याशी आमचा संबंध नाही. आमची रोपं फक्त आमच्या रोपवाटिकेत मिळतात." एवढंच लिहा. 'चोर', 'लुटारू' असं नाव घेऊन लिहिलंत, तर तोच तुमच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावायला मोकळा होईल.

पुढच्या वेळी फोटो काढताना

झाडाशेजारी एक पाटी धरा. तिच्यावर रोपवाटिकेचं नाव, गाव, परवाना क्रमांक आणि तारीख खडूनं लिहा. पाटी फळांना खेटून असावी. कोपऱ्यात लिहिलेलं नाव कातरून टाकायला वेळ लागत नाही, फळाच्या मधोमध आलेलं नाव काढणं त्या मानानं अवघड. पाटी नसलेला स्वच्छ फोटोही काढा, पण तो घरी ठेवा, बाहेर पाठवू नका. आणि विकलेल्या प्रत्येक रोपामागे पावती द्या. तीवर जात, मातृबाग आणि तारीख लिहा. फोटो कुणीही उचलील, तुमच्या सहीची पावती कशी उचलणार?

थोडक्यात सांगायचं तर

• मूळ फोटो जपून ठेवा.
• आधी स्क्रीनशॉट आणि लिंक, मगच तक्रार.
• तक्रार कंपनीच्या निवारण अधिकाऱ्याकडे, लेखी आणि मुद्देसूद.
• दाद लागली नाही तर वकील, विधी सेवा प्राधिकरण, कृषी अधिकारी.
• फसलेल्या शेतकऱ्याला १९१५ आणि १९३० हे क्रमांक सांगा.
• दुसऱ्याचा फोटो आपण वापरू नका.

बंधू-भगिनींनो, मातृबाग निरोगी राखायला, खात्रीची गुटी बांधायला तुमची वर्षं गेली. त्या कष्टाची साक्ष म्हणजे तो फोटो. बांधावरचा दगड कुणी हातभर सरकवला तर आपण गप्प बसत नाही. इथंही बसू नका. पण दगड सरकवला म्हणून आपण काठी न घेता मोजणी मागवतो ना? तसंच इथंही शांतपणे, कागदानं काम करा.