नागपूर-मुंबई विमान दीड तासाचं, मग घरून कधी निघायचं?

दवाखाना असो, मुलाखत असो की मंत्रालयातलं काम, आता आपल्या भागातूनही लोक मुंबईला विमानाने जाऊ लागलेत. तिकिटावर दीड तास दिसतो आणि गडबड तिथेच होते. तो वेळ विमानतळापासून विमानतळापर्यंतचा असतो, आपल्या घरापासूनचा नाही.

अंतर किती?
नागपूर ते मुंबई हवाई अंतर सरळ रेषेत सुमारे ६८५ किमी आहे. समृद्धी महामार्ग ७०१ किमीचा, तर रेल्वेने ८३७ किमी.

मग दीड तास का लागतो?
जेट विमान वर गेल्यावर ताशी ८०० किमीच्या आसपास वेगाने जातं. त्या हिशेबाने ५०-५५ मिनिटं पुरायला हवीत. पण धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, खाली उतरणं यात वेळ जातो. मुंबईच्या जुन्या विमानतळावरच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. गर्दी असली की विमान आकाशात घिरट्या घालत थांबतं. हिवाळ्यात वरचे वारे पश्चिमेकडून वाहतात, म्हणून जाताना येण्यापेक्षा थोडा जास्त वेळ लागू शकतो.

घरापासूनचा हिशेब
समजा काटोलहून निघायचं आहे आणि विमान दुपारी १ चं आहे.
- सकाळी ९ : घरून निघा
- ११ : विमानतळावर पोहोचा
- १२ : सामान देण्याचा काउंटर साधारण एक तास आधी बंद होतो
- दुपारी २.३० ते २.४५ : मुंबईत उतरणं
- ३.१५ : सामान घेऊन बाहेर
- ४.३० ते ५ : परळ

म्हणजे दीड तासाच्या विमानाला घरापासून साडेसात-आठ तास धरा. सकाळी ११ ची टाटा रुग्णालयाची वेळ असेल, तर त्याच दिवशीच्या विमानावर भरवसा ठेवू नका. आदल्या दिवशीच मुंबई गाठा.

तिकीट काढताना हे बघाच
- मुंबईला आता दोन विमानतळ आहेत. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहूनही विमानं सुरू झालीत. तिकिटावर ‘बीओएम’ असेल तर जुना विमानतळ, ‘एनएमआय’ असेल तर नवी मुंबई. घ्यायला येणाऱ्या पाहुण्यांना हे आधीच सांगा, नाहीतर ते एकीकडे आणि तुम्ही दुसरीकडे!
- जुन्या विमानतळावर टर्मिनल १ आणि २ वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. परतताना टर्मिनलचा नंबर वाचूनच रिक्षा-टॅक्सी करा.
- तिकिटावरचं नाव आधार कार्डावर आहे तसंच हवं.

स्वस्त तिकीट बघताना पहाटेचं विमान घेऊ नका, असं नाही. पण गावातून त्या वेळी गाडी मिळते का, हे आधी विचारा. नाहीतर वाचलेले पैसे खासगी गाडीतच जातील.