ब्रेक वाजतो तेव्हा

महाबळेश्वर ते पोलादपूर हे अंतर रस्त्याने सुमारे ४० किलोमीटर, पण उंचीतला फरक जवळपास १३०० मीटर. १२०० किलोची मोटार आंबेनळी घाटाने खाली येते, तेव्हा एवढ्या उंचीची ऊर्जा वाटेत कुठेतरी जिरावी लागते. हिशेब केला तर ती सव्वाचार युनिट विजेइतकी भरते. त्यातली काही इंजिनाच्या आणि वाऱ्याच्या रोधात जाते, उरलेली ब्रेकमध्ये उष्णता होऊन बाहेर पडते. इतक्या तापातून उतरलेल्या गाडीचा ब्रेक वाजू लागला, तर नवल नाही.

माझी गाडी अशीच वाजत होती. पोलादपुरातल्या मिस्त्रींनी पान्याला हात लावण्याआधी विचारलं, "कधी वाजतो? सकाळी, की घाट उतरल्यावर? दाबल्यावर, की सोडल्यावर? चीं होतं, की खर्र?" निम्मं निदान या प्रश्नांतच आहे.

डिस्क ओतीव लोखंडाची असते. पावसाळ्यात गाडी रात्रभर अंगणात उभी राहिली की तिच्यावर नारिंगी गंज धरतो. सकाळचे पहिले चार-पाच ब्रेक खरखरतात आणि गंज पुसला की आवाज जातो. त्याची काळजी नको. काही पॅडना पोलादाची बारीक पट्टी बसवलेली असते. पॅड दोन-तीन मिलिमीटर उरला की ती डिस्कला टेकते आणि किंचाळते. हा पॅड बदलण्याचा निरोप आहे. तोही दुर्लक्षिला तर 'खर्र' सुरू होतं, म्हणजे पॅडमागचा पत्राच डिस्क कातत असतो. गाडी तिथेच थांबवावी.

पॅड जाड असूनही येणारी 'चीं' वेगळी. पॅड डिस्कला क्षणभर धरतो, सुटतो, पुन्हा धरतो, असं सेकंदाला हजारो वेळा. सारंगीच्या तारेवर गज फिरतो तसंच हे, फक्त इथे डिस्क आणि कॅलिपर दोन्ही थरथरतात. पॅड जागेवर सैल असेल, त्यामागचा आवाज दाबणारा पत्रा निसटला असेल किंवा तापून पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झाला असेल, की ही थरथर कानाला टोचते.

मिस्त्रींनी चाक काढलं, कॅलिपर उचलला आणि तारेने वर बांधला. तो ब्रेकच्या नळीवर लोंबकळता ठेवत नाहीत, नळीला इजा होते. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच झिजलेला निघाला. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो, त्यांतली एक गंजून अडकली होती. ती स्वच्छ पुसून तिला सिलिकॉन ग्रीस लावलं. साध्या ग्रीसने तिथलं रबर फुगतं. सपाट फरशीवर पॉलिश पेपर ठेवून पॅडची चकाकी घासून काढली, कडा किंचित उतरत्या केल्या. पॅड जिथे सरकतो तिथला गंज तारेच्या ब्रशने काढला आणि पॅडच्या पाठीला उष्णता सोसणाऱ्या ब्रेक ग्रीसचा पातळ हात दिला. पुढच्या, घासणाऱ्या बाजूला ग्रीसचा थेंबही लागता कामा नये. आवाज बंद करायला तिथे तेल सोडणं म्हणजे ब्रेकच काढून टाकणं.

धूळ त्यांनी हवेने उडवली नाही, ब्रेक क्लीनरने धुतली. पूर्वीच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे, आणि कुठल्याही पॅडची भुकटी छातीत जाऊ नये. मागच्या ड्रममध्ये ही धूळ साठून राहते. गाडी पुरात बुडाली असेल तर तिथे गाळही बसतो. जुलै २०२१ मध्ये सावित्रीचं पाणी महाड शहरात भरलं होतं. तशा पाण्यातून निघालेल्या गाडीचे ड्रम उघडून धुतल्याशिवाय ती घाटात नेऊ नये.

जोडणी झाल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबलं. कारण कॅलिपर बसवताना पिस्टन मागे ढकललेला असतो, पहिला ब्रेक रिकामाच जाऊ शकतो. मग मोकळ्या सरळ रस्त्यावर पन्नासच्या वेगावरून दहापर्यंत, मध्ये थोडा वेळ देत, आठ-दहा वेळा बेताने ब्रेक लावले. याने पॅडचा एकसारखा थर डिस्कवर बसतो. नव्या पॅडलाही हे करावंच लागतं.

गाडी शांत झाली, पण शांत ब्रेक म्हणजे चांगला ब्रेक असं नव्हे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ दर्जाचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, ओल धरलेल्यासाठी ती हमी १५५ अंशांपर्यंत खाली येते. उतारावर सतत पाय ठेवला आणि ते उकळलं, तर कसलाही आवाज होत नाही, पेडल मऊ होऊन खाली जातं. म्हणून ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलावं. आंबेनळी असो, वरंधा असो की कशेडी, ज्या गिअरमध्ये गाडी चढते त्याच गिअरमध्ये उतरवावी. ब्रेक थोडा वेळ ठाम दाबून पूर्ण सोडावा.

वर निघण्याआधी सपाटीवर काचा खाली करून दोन-तीनदा ब्रेक लावावा आणि ऐकावं. 'चीं' असेल तर गॅरेज गाठावं. 'खर्र' असेल किंवा पेडल मऊ लागत असेल, तर त्या दिवशी घाट चढूच नये.