दारी झुलणाऱ्या हत्तीचा खुराक

दारी हत्ती झुलणे हे एके काळी वैभवाचे लक्षण मानले जाई. आज शहरांतील सोसायट्यांच्या आवारात तो मान दोन टन वजनाच्या डिझेल ‘फोर-व्हील ड्राइव्ह’ मोटारींना मिळाला आहे. मात्र हत्ती घेण्यापेक्षा पोसणे अवघड असते, हे खरेदीच्या उत्साहात अनेकांच्या ध्यानात राहत नाही. शोरूममध्ये पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘ॲव्हरेज किती देते?’ हा. प्रश्न रास्त आहे; पण त्याच्या उत्तरातून खर्चाचे निम्मेही चित्र स्पष्ट होत नाही.

डिझेलचा पूर्वीचा फायदा

जड वाहनाला डिझेल इंजिन मानवते. एक लिटर डिझेलमध्ये तेवढ्याच पेट्रोलपेक्षा सुमारे दहा टक्के अधिक ऊर्जा असते. शिवाय हवा अतिशय दाबून इंधन पेटवण्याच्या पद्धतीमुळे त्या ऊर्जेचा उपयोगही अधिक चांगला होतो आणि कमी फेऱ्यांतच भरपूर ओढ मिळते. या गुणांना भारतात सरकारी धोरणाची जोड मिळाली. जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर नियंत्रणमुक्त झाले, डिझेलचे मात्र ऑक्टोबर २०१४ पर्यंत झाले नाहीत. मे २०१२ मध्ये दोहोंतील तफावत लिटरमागे तीस रुपयांहून अधिक होती. शेतकरी आणि मालवाहतूकदारांसाठी स्वस्त ठेवलेल्या डिझेलवर शहरी श्रीमंतांच्या मोटारीही धावत होत्या. ती सवलत आता इतिहासजमा झाली असली, तरी ‘डिझेल म्हणजे स्वस्त’ हा समज टिकून आहे.

जाहिरातीतला आकडा

पुण्यातील ‘एआरएआय’सारख्या संस्था प्रमाणित करतात तो आकडा प्रयोगशाळेतील रोलरवर, ठरावीक वेगक्रमाने मोटार चालवून काढलेला असतो. वाहनांची परस्परांशी तुलना करण्यासाठी तो उपयुक्त आहे. परंतु सिग्नल, खड्डे, घाट आणि एसी यांचे प्रतिबिंब त्यात पुरेसे पडत नाही. दोन टनांचे धूड प्रत्येक सिग्नलला थांबवायचे आणि पुन्हा वेगात आणायचे, यात बरेच इंधन खर्ची पडते. महामार्गावर उंच, चौकोनी बांधणी आडवी येते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ताशी ८० ऐवजी १०० किलोमीटरने जाताना तो सुमारे ५६ टक्क्यांनी वाढतो.

म्हणूनच ‘लिटरला किती किलोमीटर’ याऐवजी ‘शंभर किलोमीटरला किती लिटर’ असा विचार करावा. ॲव्हरेज १८ वरून २० वर गेले, तर शंभर किलोमीटरमागे जेमतेम अर्धा लिटर वाचतो. ८ वरून १० वर गेले, तर अडीच लिटर. टायरमधील हवेचा दाब योग्य राखणे, टपावरील रिकामा कॅरिअर काढून ठेवणे आणि वेग आवरणे यांचे मोल म्हणूनच मोठ्या वाहनात अधिक आहे.

चार चाकांची ताकद

चारही चाकांना शक्ती पुरवणारी यंत्रणा चिखल, वाळू आणि निसरडा चढ यांसाठी असते. तिचे वजन मात्र वर्षभर वाहावे लागते. ज्या गाड्यांत ही जोडणी चालकाला स्वतः करावी लागते, त्यांपैकी बहुतेकांत ती कोरड्या डांबरी रस्त्यावर वापरू नये. वळणावर पुढच्या व मागच्या चाकांना वेगवेगळे अंतर कापावे लागते. यंत्रणेत ती मुभा नसल्यास गिअर आणि टायर यांवर अकारण ताण पडतो. शेतावर वा डोंगरात नित्य जाणे नसेल, तर मागील दोन चाकांवर चालणारी आवृत्ती पुरेशी ठरते.

खरा हिशेब

एक उदाहरण घेऊ. मोटारीची किंमत २५ लाख रुपये, ॲव्हरेज ११, डिझेल लिटरला ९० रुपये आणि वर्षाकाठी धाव १२ हजार किलोमीटर धरली, तर इंधनाला वर्षाला सुमारे ९८ हजार रुपये, म्हणजे किलोमीटरला ८ रुपयांहून थोडे अधिक लागतील. पाच वर्षांनी गाडी निम्म्या किमतीला विकली गेली असे मानल्यास मूल्यातील घट वर्षाला अडीच लाख होते. म्हणजे किलोमीटरमागे जवळजवळ २१ रुपये! विमा, सर्व्हिसिंग, भारी टायर आणि नोंदणीवेळी भरलेला कर यांत धरलेला नाही; महाराष्ट्रात तो कर डिझेल मोटारींना पेट्रोलपेक्षा अधिक आहे. याच गाडीची वर्षाची धाव ३० हजार किलोमीटर असेल आणि विक्रीची किंमत तीच मिळाली, तर घटीचा भार इंधनाच्या बरोबरीने, आठ रुपयांच्या आसपास येतो. सारांश, उभी राहणारी गाडीच अधिक महाग पडते.

कमी वापराचा आणखी एक तोटा एप्रिल २०२० मध्ये ‘भारत स्टेज ६’ निकष आल्यानंतर जाणवू लागला. डिझेल गाड्यांच्या धुरातील काजळी आता एका गाळणीत अडवली जाते. ती जाळून गाळणी मोकळी होण्यासाठी धूर चांगला तापावा लागतो आणि त्यासाठी सलग, काहीशा वेगाने प्रवास हवा. रोज दोन-चार किलोमीटर अंतरावरील शाळा आणि बाजार एवढेच करणाऱ्या गाडीत ही गाळणी तुंबू शकते व दुरुस्तीचा खर्च उद्भवतो. अनेक मोठ्या गाड्यांत युरियाचे द्रावणही वेळोवेळी भरावे लागते.

यावरून डिझेल टाळावे असे नव्हे. सात-आठ माणसांना घेऊन वारंवार दूरचा प्रवास करणाऱ्या कुटुंबाला वा व्यावसायिकाला आजही त्याचा लाभ होतो. मात्र बुकिंगची रक्कम भरण्यापूर्वी सध्याच्या मोटारीचे गेल्या वर्षभराचे किलोमीटर पाहावेत. त्यांतले किती लांबच्या प्रवासाचे आणि किती गल्लीबोळातले, हेही मांडावे. वर्षातून दोन सहलींपुरती मोठी गाडी लागत असेल, तर ती त्या दिवसांपुरती भाड्याने घेणे कितीतरी स्वस्त पडते. हत्ती हौसेने बाळगायचा की कामासाठी, हा निर्णय ज्याचा त्याचा. खुराकाचा आकडा तेवढा आधी माहीत असावा.