माघ-फाल्गुनातील लहरी हवामान व गावची नोंदवही

रब्बी हंगामातील पिके माघ-फाल्गुनात, म्हणजे सुमारे फेब्रुवारी-मार्च महिन्यांत, हाताशी येतात. गव्हाच्या दाण्यात चीक भरत असतो, हरभऱ्याचे घाटे वाळू लागतात, कांदा काढणीस येतो, द्राक्षांच्या घडांत साखर उतरते आणि कोकणात आंब्याच्या मोहोरातून बारीक फळे दिसू लागतात. चार-पाच महिन्यांचे श्रम व भांडवल अशा रीतीने उघड्या आभाळाखाली असते. आणि नेमका हाच काळ हवामानाच्या दृष्टीने अत्यंत बेभरवशाचा होय. थंडी सरली असे म्हणावे तो पहाटे पुन्हा गारठा पडतो, आणि ऊन चटकू लागले म्हणावे तो दुपारी ढग गडगडू लागतात.

या दिवसांत गावोगावी पारावर व चावडीवर हवामानाची चर्चा रंगते. आभाळाकडे बारकाईने लक्ष ठेवण्याचा छंद असलेली दोन-चार माणसे बहुतेक प्रत्येक गावात असतात. कोणी वाऱ्याची दिशा सांगतो, कोणी पळस केव्हा फुलला ते सांगतो, तर कोणी दहा वर्षांपूर्वीच्या गारपिटीची आठवण काढतो. ही चर्चा निरुपयोगी नाही. तथापि ती केवळ आठवणीच्या आधारे चालते आणि आठवण ही मोठ्या घटना ठेवते व लहान घटना विसरते. त्याच चर्चेला मोजमापाची जोड मिळाल्यास तिचा पिकाच्या रक्षणासाठी प्रत्यक्ष उपयोग होऊ शकतो.

एकाच हंगामात दोन संकटे

२०२३ सालचा दाखला या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्या वर्षी फेब्रुवारी महिन्यात देशाचे सरासरी कमाल तापमान १९०१ पासूनच्या सर्व फेब्रुवारी महिन्यांत सर्वाधिक ठरले. उष्णतेमुळे गहू वेळेपूर्वी पिकेल, ही चिंता होती. पुढे मार्च महिन्यात महाराष्ट्राच्या अनेक भागांत मेघगर्जनेसह पाऊस व गारपीट झाली आणि काढणीस आलेला गहू, कांदा व द्राक्षे यांची हानी झाली. म्हणजे ज्या शेतकऱ्यास फेब्रुवारीत पाणी देऊन पीक वाचवावे लागले, त्यालाच मार्चमध्ये पाण्यापासून पीक वाचवावे लागले. त्यापूर्वी २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ व मध्य महाराष्ट्र या भागांत वारंवार गारपीट होऊन फार मोठे नुकसान झाले होते.

‘होळी जळाली, थंडी पळाली’ असे लोक म्हणतात. सर्वसाधारण अनुभव म्हणून हे ठीक आहे. परंतु होळी चांद्रमासाप्रमाणे येते. ती २०२३ साली ६ मार्च रोजी, तर २०२४ साली २४ मार्च रोजी होती. अठरा दिवसांच्या अंतराने येणाऱ्या सणावरून पाण्याची पाळी किंवा काढणीचा दिवस ठरविणे सुरक्षित नव्हे.

हवा का पालटते

हिवाळ्यात महाराष्ट्रावर बहुधा उत्तरेकडील किंवा ईशान्येकडील कोरडे वारे वाहतात. आकाश निरभ्र असते. दिवसा तापलेली जमीन रात्री आपली उष्णता मोकळ्या आकाशाकडे फेकते आणि पहाटे तापमान बरेच खाली येते. फेब्रुवारीपासून सूर्य अधिक उंच येऊ लागतो व जमीन लवकर तापते. याच सुमारास वाऱ्याची दिशा पालटून बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून दमट हवा राज्यात शिरू लागते. उंचावर मात्र पश्चिमेकडील कोरडे व थंड वारे अद्याप वाहत असतात. उत्तर भारतावरून जाणाऱ्या पश्चिमी विक्षोभांमुळे त्यांना अधिक जोर येतो.

खाली उष्ण व दमट हवा आणि वर थंड हवा, अशी स्थिती आली की दुपारनंतर खालची हवा वेगाने वर उसळते व उंच ढग बनतात. ढगातील पाण्याचे थेंब गोठणबिंदूच्या वर उचलले जाऊन त्यांचा बर्फ होतो. वर चढणाऱ्या हवेच्या जोराने ते कण तरंगत राहतात, त्यांवर बर्फाचे थर चढतात आणि भार न पेलल्यास ते गारांच्या रूपाने खाली येतात. असा ढग काही किलोमीटरच रुंद असतो व त्याचा जोर बहुधा तासाभरात ओसरतो. म्हणूनच एका शिवारात गारांचा खच पडतो आणि शेजारचे शिवार कोरडे राहते.

कोकणातील स्थिती थोडी निराळी आहे. तेथे दुपारच्या सुमारास समुद्रावरून येणारे खारे वारे तापमान आटोक्यात ठेवतात. हे वारे उशिरा सुटले आणि पूर्वेकडील कोरडे वारे टिकून राहिले, तर फेब्रुवारी-मार्चमध्येही पारा एकाएकी चढतो आणि आंब्याची बारीक फळे गळण्याचा धोका वाढतो.

नोंदवही कशी ठेवावी

गावची हवामान नोंदवही सुरू करण्यास फार खर्च येत नाही. एक पर्जन्यमापक, कमाल व किमान तापमान दाखविणारा एक तापमापक आणि एक वही इतके साहित्य पुरेसे आहे. शाळा, ग्रामपंचायत किंवा शेतकरी गट यांपैकी कोणासही हे काम अंगावर घेता येईल.

पर्जन्यमापक उघड्या जागी ठेवावा. जवळचे झाड किंवा भिंत जितकी उंच असेल, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर तो असावा. तयार पर्जन्यमापक नसल्यास सपाट तळाचे व सरळ बाजूंचे रुंद भांडे अगदी समपातळीत ठेवून आतील पाण्याची खोली मोजपट्टीने मोजता येते. मोजणी रोज सकाळी साडेआठ वाजता करावी, कारण हवामान खात्याच्या केंद्रांवरही चोवीस तासांचा पाऊस याच वेळी मोजतात. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर, म्हणजेच हेक्टरी दहा हजार लिटर पाणी होय. हा आकडा मोठा वाटतो. परंतु गव्हाच्या पाण्याची एक पाळी सुमारे पाच सेंटिमीटर धरली, तर पाच मिलिमीटर पाऊस म्हणजे तिचा केवळ दहावा हिस्सा. पाऊस पडून गेला म्हणून पाळी चुकवावी की नाही, हे अशा हिशेबाने ठरवावे.

तापमापक उन्हात किंवा पत्र्याच्या छपराखाली टांगू नये. वेधशाळेत तो जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, हवा खेळती राहील अशा झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवतात व पेटीचे दार उत्तरेकडे असते. गावातील सुताराकडून अशी पेटी करून घेता येते. किमान तापमान सकाळी व कमाल तापमान सायंकाळी लिहावे.

यांखेरीज वाऱ्याची दिशा, ढगांचे प्रमाण, दव पडले की नाही आणि विजा चमकल्या असल्यास त्यांची वेळ, यांची नोंद करावी. गारा पडल्यास किती वाजता व किती मिनिटे पडल्या आणि त्या हरभऱ्याएवढ्या, बोराएवढ्या की लिंबाएवढ्या होत्या, हे लिहावे. एखाद्या दिवशी नोंद राहिल्यास ती जागा कोरी सोडावी. अंदाजाने आकडा भरू नये. खोटा आकडा कोऱ्या जागेपेक्षा अधिक घातक असतो.

आकडे काय सांगतात

उदाहरणादाखल असे समजा की, फेब्रुवारीच्या एका आठवड्यात किमान तापमान १२ अंश व कमाल ३२ अंश सेंटिग्रेड आहे. दोहोंतील अंतर २० अंशांचे आहे. याचा अर्थ हवा कोरडी व आकाश निरभ्र आहे. पुढे दोन दिवसांत किमान तापमान १७ अंशांवर गेले, कमाल ३० अंशांवर आले आणि वारा उत्तरेऐवजी आग्नेयेकडून वाहू लागला, तर अंतर १३ अंशांवर आले. हवेतील बाष्प व ढग यांनी जमिनीची उष्णता रात्री अडवून धरली, म्हणून किमान तापमान वाढले. दमट हवा आल्याची ही खूण होय. अशा वेळी सकाळपासून उकाडा जाणवून दुपारी कोबीच्या गड्ड्यासारखे ढग उंच चढू लागले, तर वादळी पावसाची शक्यता ध्यानात घेऊन सावध राहावे.

ही खूण म्हणजे भविष्य नव्हे. दमट हवा येऊनही पाऊस न पडण्याचे दिवस पुष्कळ असतात. केवळ वहीवरून गारपिटीचा दिवस सांगता येत नाही. म्हणून गावची नोंद व हवामान खात्याचा अंदाज ही दोन्ही एकत्र वाचावयास हवीत.

अंदाज कसा वाचावा

हवामान खात्याच्या जिल्हावार इशाऱ्यात पुढील काही दिवसांसाठी हिरवा, पिवळा, नारिंगी व लाल असे रंग दिलेले असतात. हिरव्या रंगात विशेष धोका नसतो. पिवळ्यात लक्ष ठेवावयाचे, नारिंगीत तयारीत राहावयाचे आणि लाल रंगात तत्काळ कृती करावयाची असा साधारण अर्थ आहे. अंदाजातील शब्दांनाही ठरीव अर्थ असतो. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातील पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर, तर ‘काही ठिकाणी’ म्हणजे सुमारे पंचवीस ते पन्नास टक्के केंद्रांवर पाऊस अपेक्षित असतो. ‘तुरळक ठिकाणी गारपीट’ असे सांगितले आणि आपल्या गावी गार पडली नाही, तर अंदाज खोटा ठरला असे होत नाही. रडारच्या साहाय्याने पुढील तीन तासांपुरता दिला जाणारा तातडीचा इशारा अशा दिवशी विशेष उपयोगी पडतो. तो भ्रमणध्वनीवर येताच गावच्या फलकावर लिहिण्याची व ध्वनिक्षेपकावरून सांगण्याची व्यवस्था गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आधीच करून ठेवावी.

पिकांबाबत घ्यावयाचे निर्णय

तापमान चढत असेल आणि गव्हाचा दाणा भरण्याच्या अवस्थेत असेल, तर जमिनीतील ओल टिकविण्यासाठी हलके पाणी द्यावे. अन्यथा दाणा बारीक राहतो. मात्र सोसाट्याचा वारा किंवा वादळी पाऊस अपेक्षित असताना पाणी देऊ नये, कारण ओल्या जमिनीत पीक लोळण्याचा धोका असतो.

पक्व झालेला गहू व हरभरा इशारा मिळताच काढून सुरक्षित जागी न्यावा. मळणी तत्काळ शक्य नसल्यास गंज उंचवट्यावर रचून ताडपत्रीने झाकावी व भोवती पाणी निघून जाण्यास चर काढावा. शेतात सुकत घातलेला कांदा भिजल्यास साठवणुकीत सडतो. म्हणून तो आधी आडोशाला न्यावा, आणि भिजलेला कांदा कोरड्या कांद्यात मिसळू नये. उघड्यावर वाळत घातलेली हळद व बेदाणा यांनाही हीच दक्षता लागू आहे. काढणीयोग्य द्राक्षघड शक्यतो पावसापूर्वी उतरवावेत. पावसाने मणी तडकतात.

आंब्याच्या मोहोरावर किंवा अन्य पिकांवर औषध फवारावयाचे असल्यास पावसाची शक्यता व वाऱ्याचा जोर पाहूनच दिवस निवडावा. धुऊन गेलेले औषध म्हणजे वाया गेलेला पैसा व वाया गेलेली मजुरी होय. विजा चमकत असताना माणसांनी व जनावरांनी झाडाखाली थांबू नये. पीक झाकण्याचे काम ढग डोक्यावर येण्यापूर्वीच उरकावे.

नोंदीचे मोल पुढील काळात

अशी नोंद एका हंगामापुरतीच कामाची असते असे नाही. इंग्लंडमधील नॉरफोक परगण्यात रॉबर्ट मार्शम या जमीनदाराने १७३६ साली वसंतागमाच्या खुणा लिहून ठेवण्यास आरंभ केला. कोणत्या झाडास पाने केव्हा फुटली आणि कोणता पक्षी प्रथम केव्हा दिसला, अशा सत्तावीस खुणा तो टिपत असे. त्याच्या घराण्यातील पुढील पिढ्यांनी हे काम १९५८ सालापर्यंत चालविले. एका हौशी माणसाची ही वही पुढे वसंताचे आगमन कसे बदलत गेले, याचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांना उपयोगी पडली.

आपल्याकडेही काटेसावर, पांगारा व पळस यांचे फुलणे, आंब्याचा पहिला मोहोर आणि गव्हाची पहिली ओंबी यांच्या तारखा त्याच वहीत लिहिता येतील. पाच-दहा वर्षांत आपल्या शिवारात पेरणीचा कोणता काळ गव्हास उष्णतेपासून वाचवितो, हे त्यावरून गावालाच पारखता येईल. शासकीय किंवा विम्याच्या कामी अधिकृत केंद्राचीच नोंद ग्राह्य धरली जाते, हे खरे. विमा योजनेच्या अटीही हंगामाच्या आरंभीच पाहून ठेवाव्यात. परंतु नुकसान केव्हा व कसे झाले हे नेमकेपणाने सांगण्यास गावची वही साह्यकारी होते.

वारा, ऊन व गारा यांवर मनुष्याची सत्ता नाही. परंतु ताडपत्री आदल्या दिवशी शेतावर पोचविणे, पाण्याची पाळी एक दिवस पुढे ढकलणे आणि पिकलेला माल वेळीच उचलणे हे त्याच्या हाती आहे. यास्तव गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आभाळाचा छंद असलेल्या माणसांना एकत्र आणून येत्या माघापूर्वी नोंदवही सुरू करावी, आणि रोजचे आकडे पारावरील फलकावर लिहिण्याचा प्रघात पाडावा.